फडताळातला दवाखाना

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की माळ्यावरच्या पितळी भांड्यांबरोबर आणखी एक वस्तू उजेडात येते. ती म्हणजे औषधांचा डबा. हा डबा मूळचा बहुधा बिस्किटांचा असतो. क्वचित बुटांच्या खोक्यालाही तो मान मिळतो. झाकण उघडले की कापूर, निलगिरी आणि कुठलेसे गोड सरबत यांचा मिळून एक वास येतो. आत अमृतांजनची बाटली, व्हिक्सची डबी, पार पिळून काढलेली मलमाची नळी, झाकण चिकटून बसलेली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, कोणाच्या तरी डोळ्यांत घालायचे थेंब, आणि पट्ट्या. कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या! कोणत्या पट्टीवर औषधाचे नाव कापले गेले आहे, कोणत्या पट्टीवर मुदतीची तारीख. दोन गुलाबी गोळ्या कशावरच्या, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तरी गृहिणी त्या टाकीत नाही. "असू द्या, लागतील कधीतरी," असे म्हणून डबा पुन्हा फडताळात जातो.

हा घरचा दवाखाना चोवीस तास उघडा असतो. तिथे फी नाही, रांग नाही, रजा टाकावी लागत नाही. शिवाय तिथला डॉक्टर प्रत्येक वेळी वेगळा असतो. कधी आजोबा, कधी वहिनी, कधी शेजारच्या काकू. "अगं, मला अगदी अश्शीच कणकण होती, या गोळीने एका दिवसात उठून बसले," असे म्हणत काकू पदराआडून गोळी काढून देतात तेव्हा त्यांचा हेतू सोन्यासारखा असतो, यात शंका नाही. आणि गंमत अशी की काकूंच्या गोळीने बहुधा गुणही येतो. सर्दी, साधा ताप, पोटातली गडबड ही दुखणी तीन-चार दिवसांत आपली आपणच जायची असतात. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीला तिसऱ्या दिवशीच्या बरे वाटण्याचे श्रेय मिळते. या फुकटच्या श्रेयावर कितीतरी औषधांनी घराघरांत बस्तान बसवले आहे.

या डब्याच्या आधी आजीबाईचा बटवा होता. त्याविषयी हल्ली दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो सारे ज्ञान त्यातच होते, कोणी म्हणतो सारे थोतांड होते. दोन्ही मंडळींनी बटवा उघडून पाहिलेला नसावा. सुंठ, ओवा, हिंग, लवंग, हळद, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, वेखंड, ज्येष्ठमध हे त्यातले नेहमीचे मानकरी. ओव्यात थायमॉल असते आणि लवंगेत युजेनॉल असते. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीवर बसल्यावर जो ओळखीचा लवंगी वास येतो, तो याच युजेनॉलचा. तेव्हा दाढ दुखू लागली की लवंग धरणारी आजी काही अंधारात तीर मारीत नव्हती.

पण बटव्यातली खरी मोलाची गोष्ट निराळीच होती. बाळगुटी उगाळताना पाहिले आहे ना? सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून निवलेल्या पाण्यात एकेक काष्ठौषधी घ्यायची आणि वळसे मोजायचे. हिरड्याचे इतके, मुरुडशेंगेचे इतके. जायफळाचा मात्र एकच, कारण त्याने मूल गुंगते. वेखंडही बेतानेच. मूल महिन्याचे असताना जितके वळसे, त्याहून सहा महिन्यांचे झाल्यावर निराळे. म्हणजे औषध कोणाला, किती आणि कुठवर याचा हिशेब त्या उगाळण्यातच होता. शिवाय बटव्याला एक मालकीण होती. घरातल्या कोणीही उठून त्यात हात घालीत नसे. तीन दिवसांत उतार पडला नाही तर "आता डॉक्टरांना बोलवा" हेही तीच सांगे.

याचा अर्थ पूर्वीचे सगळे गोड होते असा नव्हे. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी बाळगोळी नावाची एक गोळी मिळे. आई दहा-दहा तास गिरणीत. मागे तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला ही गोळी चाटवायची. ती होती अफूची. १९२० नंतरच्या काळात कामगार बायकांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत या गोळीचा प्रसार पाहून डॉक्टर हादरून गेले होते. मूल शांत निजे, भूक विसरे आणि वाळत जाई. तीही घरगुती वस्तूच होती! आणि साधा ज्येष्ठमध घ्या. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने रोज भरपूर घेतला तर त्याने रक्तदाब वाढतो आणि अंगातले पोटॅशियम कमी होते. आधीच रक्तदाब असलेल्या माणसाने "जडीबुटीच ती, तिचा काय अपाय होणार" म्हणून तो सुरू ठेवणे बरे नव्हे.

बाटलीतल्या औषधांचीही अशीच मौज आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत आलेले ग्राईप वॉटर हे मूळचे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे, विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली काढलेले. त्यात शेपाचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर असे. आणि जोडीला थोडे मद्यही असे. शेपा आपल्या बाळंतिणीच्या सुपारीत आधीपासून होतीच. मद्य मात्र नव्हते! आता बाजारात मिळते ते बिनमद्याचे असते. पण पूर्वी पाजल्यावर मूल लगेच निजत असे, त्याचे श्रेय सगळेच्या सगळे शेपाला द्यावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. अमृतांजनचा जन्म मात्र आपल्या मुंबईचा, १८९३ चा. ते कपाळाला लावायचे असते एवढे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याने सहसा कोणाचे वाकडे झाले नाही.

मग गोळ्या आल्या. ॲस्पिरिन १८९९ साली जर्मनीत बाजारात आले आणि काही वर्षांतच जगभर पसरले. डोकेदुखीसाठी त्याच्या जोडीला फेनासेटिन आणि कॅफीन घालून जी गोळी बनली, ती ए. पी. सी. या नावाने आपल्याकडे सरकारी दवाखान्यापासून रेल्वेच्या पेटीपर्यंत सगळीकडे होती. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना ती पांढरी गोळी आठवत असेल. त्यातल्या फेनासेटिनची कथा सांगण्यासारखी आहे.

स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे एक कारखान्याचे गाव आहे. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांनी फेनासेटिन, दुसरे एक वेदनाशामक आणि कॅफीन मिळून पूड करून दिली. साथ ओसरली, पण पूड राहिली. कामगार कामाच्या सुट्टीत चहा-कॉफी घ्यावी तशी ती घेऊ लागले. डोके दुखो न दुखो, घेतली की तरतरी येते असा समज झाला. पुढे वीस-तीस वर्षांनी त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली, आणि ती शेजारच्या गावांत तितकी का मरत नाहीत याचा शोध घेता घेता डॉक्टर त्या पुडीपाशी येऊन पोचले. एक पुडी विषारी नव्हती, दहाही नव्हत्या. रोजची, वर्षानुवर्षांची पुडी विषारी होती. भारतात फेनासेटिनवर १९८३ साली बंदी आली. तोवर आपल्याकडे कोणाकोणाची मूत्रपिंडे त्या गोळीने गेली असतील, ते कोणी मोजलेच नाही.

डोकेदुखीपेक्षाही आपल्या घरांना अधिक भेवडावणारे दुखणे म्हणजे पोट बिघडणे. लग्नकार्य, यात्रा, पावसाळा, की लागलेच जुलाब. साठ-सत्तरच्या दशकांत यावरचा हुकमी इलाज म्हणजे एन्टेरोव्हायोफॉर्मची गोळी. प्रवासाला निघताना तिकिटाबरोबर ती खिशात असे. काही मंडळी तर जुलाब होऊ नयेत म्हणून जेवणाआधीच ती घेत.

याच गोळीतले औषध, म्हणजे क्लिओक्विनॉल, जपानमध्येही अफाट खपत होते. तिथे १९५५ च्या सुमारास एक विचित्र आजार दिसू लागला. आधी पोटदुखी, मग पायाच्या बोटांपासून वर चढत जाणारी बधिरता. मग चालता येईना. आणि कित्येकांची दृष्टी गेली. आजार घराघरांतून आणि इस्पितळांतून पसरतो असे दिसल्यामुळे तो संसर्गाचा, एखाद्या विषाणूचा असावा असे सर्वांनी धरले. रोग्यांना शेजारीपाजारी वाळीत टाकू लागले. या अपमानाने खचून काहींनी जीवही दिला. आणि गंमत म्हणावी की क्रूर थट्टा म्हणावी, पोट दुखते म्हणून त्यांना अधिकच गोळ्या दिल्या जात होत्या! १९७० साली काही रोग्यांची लघवी हिरवी झालेली आढळली. तो हिरवा रंग तपासल्यावर त्यात क्लिओक्विनॉल निघाले. निइगाता विद्यापीठाचे डॉ. त्सुबाकी यांनी रोगी आणि गोळ्या यांचा मेळ घालून दाखवला, सप्टेंबर १९७० मध्ये जपानने विक्री थांबवली, आणि तो 'साथीचा रोग' पाहता पाहता नाहीसा झाला. तोवर दहा हजारांहून अधिक माणसे त्यात सापडली होती. या रोग्यांपैकी पुष्कळांना गोळी डॉक्टरांनीच दिली होती, हे सांगायला हवे. दोष घरच्या डब्याचाच असतो असे नाही. पण दिवसेंदिवस, मोठ्या मात्रेत, कधी थांबायचे हे न सांगता दिलेली गोळी इस्पितळातून आली काय आणि फडताळातून आली काय, तिचा परिणाम तोच. आपल्याकडे ती पुढेही कित्येक वर्षे विकली जात होती; ऐंशीच्या दशकात मूळ कंपनीने ती मागे घेतली.

आता याच दुखण्याची दुसरी कथा. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. सरहद्दीवरच्या बनगाव येथल्या छावणीत पटकी सुरू झाली. शिरेतून सलाईन द्यावे तर बाटल्या संपत आलेल्या, जमिनीवर रोगी एकमेकांना खेटून पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केले. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्याच्या पिंपांत त्या विरघळवल्या आणि रोग्यांच्या आईबापांच्या, भावाबहिणींच्या हाती पेले दिले. पाजत राहा, एवढेच सांगितले. शंभरांत तीस माणसे दगावत होती, ती चारांच्या आत आली. आतड्याला जुलाबातही साखर शोषता येते आणि साखर आत जाताना मिठाला व पाण्याला बरोबर ओढून नेते, एवढेच या जादूमागचे शास्त्र. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पाहा, घरच्या माणसांनी घरच्या माणसाला दिलेले औषध म्हणजे अडाणीपणाच, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. आपल्या घरांतली मीठ घातलेली भाताची पेज याच जातीची. मात्र इथेही मापाचा प्रश्न येतोच. घरी करावयाचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा असे सपाट लहान चमचे, म्हणजे पाच मिलिलिटरचे. मीठ शीग लावून घातले तर लहान मुलाला ते बाधते. म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच बरे, आणि तेही त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या पाकिटाला अंदाजाने भांडेभर पाणी, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

चमच्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या घरात 'चमचा' हे माप नाही, ते एक भांडे आहे. साखरेच्या डब्यातला निराळा, लोणच्याचा निराळा, पोह्यांचा तर फारच निराळा. मुलांच्या तापाचे पॅरासिटामॉलचे सरबत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे मिळते आणि २५० चेही मिळते. तान्ह्यांसाठीचे थेंब एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅमचे असतात. आता विचार करा: थेंबांची बाटली हातात आली आणि आईने सरबत समजून एक चमचाभर पाजले, तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम मुलाच्या पोटात गेले. चौपट! आणि थेंबांच्या बाटलीवर बहुधा तान्ह्या बाळाचेच चित्र असल्यामुळे ते सौम्य असणार, असेच कोणालाही वाटते. बाटलीबरोबर मिळालेले मापाचे टोपण किंवा नळी आपण पहिल्या आठवड्यातच हरवतो, ही खरी अडचण आहे. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, वयावर नव्हे. आणि थोरल्यासाठी आणलेली बाटली धाकट्याला लागू पडतेच असे नाही.

मुलांच्या बाबतीत सरकारनेही मधून मधून काही दारे बंद केली आहेत. निमेसुलाईड हे तापाचे औषध एके काळी मुलांना सर्रास दिले जाई. २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली. सर्दीच्या सरबतांत नेहमी आढळणारी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याचा हुकूम डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. फडताळातली बाटली त्याआधीची असेल तर तिच्यावर अर्थातच ते छापलेले नाही.

मोठ्यांच्या पॅरासिटामॉलचे संकट वेगळे आहे. ते नावाचे संकट आहे. क्रोसिन, कालपोल, डोलो ही तिन्ही एकाच औषधाची नावे. कॉम्बिफ्लाममध्ये तेच आहे, जोडीला आयब्युप्रोफेन आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते असते. घरातल्या तापकरी माणसाला सकाळी मुलगा एक गोळी देतो, दुपारी सून सर्दीची देते, संध्याकाळी भाऊ येतो तो अंगदुखीची आणतो. तिघेही काळजीने देतात आणि तिघेही एकच औषध देतात. धडधाकट प्रौढाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. यकृत अशक्त असेल किंवा मद्याची सवय असेल तर त्याहून बरेच कमी. या औषधाचा दगा असा की जास्त झाले तरी पहिला दिवसभर फारसे काही जाणवत नाही. यकृताची तक्रार मागाहून येते. म्हणून पट्टीवरचे मोठ्या अक्षरांतले नाव न वाचता खालचे बारीक अक्षरांतले नाव वाचावे. चष्मा लावून वाचावे.

आता डब्यातल्या सर्वांत मानाच्या पाहुण्याकडे वळू. तो म्हणजे उरलेला अँटिबायोटिक. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिलेल्या असतात, तिसऱ्या दिवशी बरे वाटते, उरलेल्या 'पुढच्या वेळेला' म्हणून डब्यात जातात. पुढच्या वेळी घरात कोणाला तरी साधी विषाणूची सर्दी होते, आणि जिच्यावर त्या गोळीचा काडीइतका उपयोग नाही अशा सर्दीला दोन गोळ्या दिल्या जातात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच ही भीती बोलून दाखवली होती. एक दिवस पेनिसिलिन दुकानात कोणालाही मिळू लागेल, माणसे ते अपुरे घेतील आणि जंतूंना मारण्याऐवजी त्याच्याशी झुंजायला शिकवतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले, तेव्हा ते मोठ्या अभिमानाचे वाटे, आणि होतेही. न्यूमोनियाने आणि बाळंतरोगाने जी माणसे हकनाक जात, ती वाचू लागली. हे हत्यार आपण सर्दीवर बोथट करीत आहोत.

कायदा नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून काही निवडक अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रोग्याचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. चिठ्ठीवाचून न घेण्याच्या गोळ्यांच्या पट्टीवर डाव्या बाजूला उभी तांबडी रेघ असते. ती ओळखा, म्हणून २०१६ मध्ये सरकारने मोहीमही काढली. ती रेघ घरातल्या पट्टीवर शोधून पाहा. कात्रीने कापताना बहुधा तीच बाजू गेलेली असते!

मलमांचे आणि डोळ्यांच्या थेंबांचे दुखणे याच घराण्यातले. नायट्याला म्हणून आणलेल्या मलमात स्टेरॉईड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत आरामात वाढत राहते. मग नायटा मांडीवरून पोटावर आणि एकाच टॉवेलमुळे घरातल्या चौघांवर जातो. तेच मलम रंग उजळावा म्हणून चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींची कातडी पातळ होते, लाल होते, चेहऱ्यावर केस येतात, आणि मलम सोडावे तर आग होते. २०१८ मध्ये अशी बरीच मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई झाली, परंतु मैत्रिणीमैत्रिणींमधल्या देवघेवीला कसली मनाई? डोळे आले म्हणून शेजाऱ्याचे उरलेले थेंब घालणे तर त्याहून वाईट. त्यात स्टेरॉईड असले आणि ते महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. एरवीही उघडलेली बाटली महिन्याभरानंतर टाकून द्यायची असते. आपल्याकडे ती वर्षभर दारात उभी असते, फ्रीजच्या!

गुडघ्यांविषयी बोलल्याशिवाय आजी-आजोबा हा लेख पुरा वाचणार नाहीत. डायक्लोफेनॅक ही गुडघेदुखीची सर्वांच्या ओळखीची गोळी. तिने दुखणे थांबते हे खरेच. परंतु रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आधीच चालू असताना तिची रोजची भर पडली की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. जठरात व्रण पडतो तो निराळाच. हे औषध पोटात काय करू शकते याचा पुरावा आकाशात पाहावा. एके काळी आपल्या गावकुसांवर गिधाडे घिरट्या घालीत; आता ती कुठे दिसतात? गुरांना डायक्लोफेनॅक देत. ती मेली की गिधाडे त्यांचे मांस खात आणि मूत्रपिंडे बंद पडून मरत. काही जाती शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक नाहीशा झाल्या. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, ही कृपा. पण दोन-दोन वर्षे रोज सकाळी चहाबरोबर ही गोळी घेणाऱ्या आजोबांनी डॉक्टरांना एकदा तसे सांगावे तरी. सहसा ते सांगत नाहीत, कारण ते तिला औषध समजतच नाहीत.

एक दुखणे मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण फडताळातल्या दवाखान्यात सर्वांत जास्त माणसे त्यानेच दगावत असतील. त्याचे घरगुती नाव 'गॅस'. रात्री जेवण झाल्यावर घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत भरून आल्यासारखे होते. दरदरून घाम येतो. डावा हात किंवा जबडा जड वाटतो. तो म्हणतो, "काही नाही ग, भजी बाधली." बायको म्हणते, "अहो, डॉक्टरांना फोन करू का?" तो म्हणतो, "एवढ्या रात्री? सोडा दे." सोडा घेतला की ढेकर येते, जरा बरे वाटते, दिवा मालवला जातो. मग ओव्याचा अर्क, मग पित्ताची गोळी, मग पाठीला अमृतांजन. पहाटेपर्यंत डबा रिकामा होतो. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली असेल तर हेच तीन-चार तास सोन्याचे असतात. त्या अवधीत गुठळी विरघळवता येते किंवा धमनी उघडता येते आणि हृदयाचा स्नायू वाचतो. नंतर इस्पितळात तोच डॉक्टर, तीच यंत्रे, पण वाचवायला स्नायूच उरलेला नसतो. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत कळ येतेच असे नाही. नुसती मळमळ, धाप, विलक्षण थकवा एवढेच होते, आणि बायका स्वतःसाठी रात्री कोणाला उठवीत नाहीत.

हे अपचन की हृदय, ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही नुसते पाहून सांगता येत नाही; त्यासाठी कार्डिओग्राम काढावा लागतो. तो काढायला दहा मिनिटे पुरतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका विनामूल्य येते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला छातीत जडपणा आणि घाम अशी जोडी दिसली की डब्याकडे न जाता फोनकडे जावे. शेजारी काय म्हणतील, चार पायऱ्या उतरून जायला लाज वाटते, उगाच भजी निघाली तर हसे होईल, हे सगळे विचार त्या वेळी मनात येतातच. निघू द्यावीत भजी. तसे निघाले तर घरी परत यावे आणि सोडा मग प्यावा.